वेबसाइटवर दुसऱ्याचा कोड टाकताय? आधी त्याला चौकटीत बसवा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या वेबसाइटला काय काय जोडता येतं ते पाहिलं. चॅट बॉक्स, ऑफरचं फिरतं चक्र, दिवाळी सेलचं काउंटडाउन. प्रत्येक वेळी समोरचा एकच सांगतो, "या दोन ओळी पेस्ट करा, झालं काम." आज त्या दोन ओळींबद्दल बोलू.

सणासुदीला मेंदी काढणाऱ्या ताई दुकानासमोर बसू का म्हणाल्या, तर आपण ओट्यावर टेबल देतो. गल्ल्याची चावी देत नाही. पण बाहेरची स्क्रिप्ट पेजमध्ये थेट टाकली की नेमकी चावीच दिली जाते. ब्राउझरच्या दृष्टीने ती स्क्रिप्ट तुमचीच असते. त्या पेजवर गिऱ्हाईक जे टाइप करतं, नाव, मोबाइल, पत्ता, ते सगळं ती वाचू शकते आणि बाहेर पाठवू शकते. कोड देणारा चोर असायलाच हवा असं नाही. त्याचा सर्व्हर हॅक झाला तरी पुरे.

खरं उदाहरण

ब्रिटनच्या टिकिटमास्टरने पेमेंट पेजवर बाहेरच्या कंपनीचा चॅटबॉट लावला होता. हल्लेखोरांनी त्या चॅटबॉटचा कोड बदलला आणि ग्राहकांच्या कार्डांची माहिती उचलली. 2018 मध्ये हे उघड झालं. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने साडेबारा लाख पाउंड दंड केला. चॅटबॉट दुसऱ्याचा, दंड मात्र टिकिटमास्टरला!

मग उपाय काय?

आयफ्रेम म्हणजे पेजच्या आत दुसरं पेज दाखवणारी चौकट. यूट्यूबचा व्हिडिओ किंवा गुगल मॅप आपण असाच लावतो. या चौकटीला 'सँडबॉक्स' हा शब्द जोडला की ब्राउझर आतल्या कोडचे जवळपास सगळे हक्क काढून घेतो. स्क्रिप्ट बंद, फॉर्म बंद, पॉपअप बंद. मग गरजेपुरती एकेक परवानगी आपण द्यायची:

- अलाउ-स्क्रिप्ट्स: आतली स्क्रिप्ट चालेल, पण तुमचं पेज आणि कुकीज तिच्या हाती लागणार नाहीत. काउंटडाउनला एवढं बास.
- अलाउ-फॉर्म्स: आतला फॉर्म पाठवता येईल.
- अलाउ-पॉपअप्स: नवीन विंडो उघडता येईल.
- अलाउ-सेम-ओरिजिन: इथे थांबा! चौकटीतली फाइल तुमच्याच डोमेनवर असेल आणि ही परवानगी अलाउ-स्क्रिप्ट्सबरोबर दिली, तर आतला कोड स्वतःचा सँडबॉक्स काढून टाकू शकतो. म्हणजे कुलूप लावलं आणि चावी आतच दिली.

करायचं कसं? बाहेरचा कोड एका वेगळ्या एचटीएमएल फाइलमध्ये ठेवा. ती फाइल शक्यतो वेगळ्या डोमेनवर टाका, कारण कुणी ती थेट उघडली तर सँडबॉक्स लागत नाही. मग तुमच्या पेजवर फक्त आयफ्रेम लावा. वेबसाइट दुसरा कुणी बघत असेल तर त्याला एवढंच सांगा: "सँडबॉक्स लाव, आणि कोणती परवानगी का दिली ते लिहून दे."

दोन गोष्टी लक्षात ठेवा

एक, गिऱ्हाइकाने चौकटीच्या आतच मोबाइल नंबर किंवा ओटीपी टाकला, तर सँडबॉक्स तो वाचवू शकत नाही. तिथे अशी माहिती मागूच नका.

दोन, काही कोड चौकटीत चालतच नाहीत. व्हिजिटर मोजणाऱ्या स्क्रिप्टला पूर्ण पेज लागतं. अशा वेळी विचारा, ही पेमेंटच्या पेजवर हवीच का? बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं. मग तिथून काढा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या वेबसाइटवर बाहेरचे किती कोड आहेत, कुणी दिले आणि कोणत्या पेजवर आहेत, याची यादी करा. सुरुवात चेकआउटच्या पेजपासून करा. ज्याचं नाव-गाव सांगता येत नाही, तो कोड आजच काढा. यादी करताना अडलात तर कमेंटमध्ये विचारा, पुढच्या व्हिडिओत घेऊ.