शंभर हलकी पाने

राधानगरीहून दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरायचा, कणकवली-कुडाळ मागे टाकायचे, की सावंतवाडी. गेल्या वर्षभरात या वाटेने मी तीनदा गेले, ती गंजिफा पाहायला. गंजिफांवर मराठीत पुष्कळ लिहून आले आहे, पण त्यात बहुधा राजांचेच कौतुक असते. मला विचारपूस करायची होती ती आकड्यांच्या पानांची.

दशावतारी गंजिफेच्या संचात १२० गोल पाने. मत्स्यापासून कलंकीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. म्हणजे चित्रांची पाने वीस आणि आकड्यांची शंभर. खेळ या शंभरांवर चालतो. हुकूम नावाचा प्रकार इथे नाही. तिघांत वाटले की प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने येतात. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. खरी गंमत पुढे आहे. पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत नेमके उलट, तिथे एक्का वर आणि दश्शी तळाला. एका रंगात हात करून देणारी दश्शी दुसऱ्या रंगात दुर्रीपुढेही पडते. राजा-प्रधान उतरून गेले, की त्या रंगात आता मोठे पान कोणते, हे ज्याच्या ध्यानात असेल तोच तरतो. इतकी सुंदर अडचण मला दुसऱ्या कुठल्या पत्त्यांत दिसलेली नाही.

हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचे त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या खेळाचे वर्णन केले. पुढे आठ रंगांची, ९६ पानांची मोगली गंजिफा रूढ झाली आणि दशावतारी तिच्याच घाटावर घडली. छापील, स्वस्त, चार रंगांचे विलायती पत्ते आले तेव्हा हाताने रंगवलेली १२० पाने मागे पडली, यात नवल नाही.

सावंतवाडीत ती पार बुडायची वेळ आली होती. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या सुमारास पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली, राजवाड्यात चितारकाम सुरू केले, म्हणून आज तिथे कुंचला चालतो. मुंबईतले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी याच काळात भारतभरच्या गंजिफा जमवून त्यांवर लिहिले. या माणसांचे ऋण मोठे आहे, आणि पुढची तक्रार ते मान्य करूनच आहे.

चित्र वाचले, पण खेळाची पाने मागे राहिली. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये एका चितारणीच्या शेजारी मी बराच वेळ बसले. ती मत्स्याची दश्शी रंगवत होती. तळहाताएवढ्या गोलात दहा मासे. आधी दहांची अंगे, मग दहांचे कल्ले, शेवटी डोळ्याचा ठिपका. प्रत्येक ठिपक्याला तिचा श्वास थांबायचा. “राजे फ्रेमला जातात,” ती म्हणाली, “ही पानं रंगवायची तर अख्खा संच मागणारं गिऱ्हाईक पाहिजे.” मी पाहिलेल्या चौकटींत, डब्यांवर, ट्रेवर खरोखरच राजे होते. चौकी-पंजी कुठेही नव्हती. ओडिशात अजून काही गावांत म्हातारी मंडळी गंजपा, म्हणजे तिथली गंजिफा, खेळताना दिसतात, त्यामुळे तिथे आकड्याच्या पानाला काम आहे. आपल्याकडे ते बेकार झाले. सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंदच आहे, पण मानांकनाने उतारी होत नाही.

माझा पुतण्या फोनवर ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ खेळतो. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेला हा खेळ, वीस पानांचा डाव. त्यात ‘सपोर्टर’ जातीचे पान एका पाळीत एकदाच टाकता येते. झगझगीत पाने तो मला दाखवतो, पण जिंकला की सांगतो, “आत्या, सपोर्टर वेळेवर आला.” हलक्या पानाची किंमत या पोराला कळते, कारण तो खेळतो. म्हणून गंजिफा त्याच्या पिढीला जमणार नाही, हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. फोनवर जातीजातींच्या पानांचे नियम ही मुले पाठ करतात; इथे तर पाच रंग सुलटे आणि पाच उलटे, एवढेच लक्षात ठेवायचे.

तिसऱ्या खेपेला मी पूर्ण संच घेऊन आले. राधानगरीत पाऊस लागला होता आणि वीज गेलेली. गोल पाने दोन हातांत पिसता येत नाहीत, म्हणून सतरंजीवर पालथी पसरून कालवली. मी, पुतण्या आणि शेजारच्या काकू. चाळीस पाने हातात मावेनात, तेव्हा काकूंनी पदरात घेतली. रात्र होती, कृष्णाचा राजा त्यांच्याकडेच निघाला. सहाव्या-सातव्या हाताला पुतण्याने दश्शी जोरात आपटली आणि काकूंनी शांतपणे दुर्री टाकून हात उचलला. तो कंदिलाजवळ पान धरून पाहत राहिला. “उलटा रंग होय!” म्हणाला, आणि हातातली उरलेली पाने पहिल्यापासून लावायला बसला.