गाडी सेल्फ घेत नाही? आधी हे तपासा

• दोन वेगळे बिघाड : इंजिन जड, रेंगाळत फिरते; दोष बहुधा बॅटरी, टर्मिनल, अर्थिंगची वायर किंवा सेल्फ मोटरमध्ये. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही; दोष इंधन, स्पार्क किंवा सेन्सरमध्ये.

• बॅटरीचे आकडे (12 व्होल्ट) : गाडी काही तास उभी असताना सुमारे 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. 12च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना 9.6च्या खाली गेल्यास बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 असल्यास आल्टरनेटर ठीक.

• आवाज : भराभर टकटक – बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच ‘टक्’ आणि दिवे प्रखर – बहुधा सोलेनॉइड किंवा सेल्फ मोटर.

• टर्मिनल : पांढरी-हिरवट पूड साचल्यास करंट अडतो. साफ करताना निगेटिव्ह वायर आधी काढावी, शेवटी जोडावी.

• हवामान : वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हाने बॅटरीतील पाणी उडते, प्लेटा गंजतात. थंडीत बॅटरीची ताकद घटते, ऑइल घट्ट होते. उन्हाळ्यात झिजलेली बॅटरी म्हणूनच अनेकदा डिसेंबरच्या पहाटे दगा देते.

• इतिहास : विजेवरचा सेल्फ 1912च्या कॅडिलॅक मोटारीत आला, जनक चार्ल्स केटरिंग. त्याआधी हँडल मारावे लागे.

• खबरदारी : सेल्फ सलग 10 सेकंदांहून जास्त मारू नये. दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट थांबावे.