चट्टा कातडीवर, बिघाड पेशींत

अमरावती जिल्ह्यातला भातकुली तालुका पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथे अंगाला खाज सुटली की खाऱ्या पाण्याला दोष देऊन मोकळं होता येतं. पण कोपर, गुडघे, कंबर, केसांची मुळं अशा जागी जाड लालसर चट्टे उठले आणि काळ्या सदऱ्यावर पांढरा कोंडा दिसू लागला, की लोक दबक्या आवाजात बोलतात ते महारोगाबद्दल.

ही भीती या भागात जुनी आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन उभारलं, ते समाजाने झिडकारलेल्या कुष्ठरुग्णांसाठीच. पण वर सांगितलेले चट्टे बहुधा सोरायसिसचे असतात, आणि त्याचं कुष्ठाशी काही नातं नाही. कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, आणि त्यामागे जंतू असतो. सोरायसिसचा चट्टा बधिर नसतो. त्याची खपली खरवडली तर खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब दिसतात. त्याला जंतू कारण नसल्याने शेजारी जेवून किंवा एका अंथरुणावर झोपून तो कोणालाही लागत नाही.

मग बिघडतं काय? पिकाची जागल करणाऱ्याने रानडुक्कर समजून घरच्याच बैलावर गोफण चालवावी, तसं शरीराच्या संरक्षक पेशींचं होतं. त्वचेतल्या काही पहारेकरी पेशी विनाकारण धोक्याचा इशारा देतात आणि इंटरल्युकिन-२३ नावाचं रसायन सोडतात. त्याने टी-पेशी नावाच्या संरक्षक पेशी चेकाळतात आणि इंटरल्युकिन-१७ सोडतात. तो निरोप पोचला की कातडीच्या पेशी बेसुमार वाढू लागतात. एरवी सुमारे चार आठवड्यांत होणारं काम चार-पाच दिवसांत उरकतं. पेशी कच्च्याच वर येतात आणि थर साचतो. चट्टा बरा झाल्यावरही काही टी-पेशी तिथेच ठाण मांडून असतात. तो पुन्हा त्याच जागी उठतो, तो त्यामुळे.

हे कळायला बराच काळ गेला. १९७९ साली प्रत्यारोपणात वापरलं जाणारं सायक्लोस्पोरिन सांधेदुखीच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर काहींचे सोरायसिसचे चट्टेच ओसरले. हे औषध टी-पेशींना दाबणारं. तेव्हापासून संशोधकांचं लक्ष कातडीवरून रोगप्रतिकार पेशींकडे वळलं. आज थेट इंटरल्युकिन-१७ किंवा २३ अडवणारी इंजेक्शनं मिळतात. टी-पेशींवरच्या सीडी-६ या खुणेला पकडणारं इटोलिझुमॅब बंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ साली भारतात आणलं. क्यूबातल्या संशोधकांशी मिळून घडवलेलं हे औषध.

अशी इंजेक्शनं महाग, त्यामुळे बऱ्याच रुग्णांचा भार आजही मलमं, अतिनील किरणांचे उपचार आणि मेथोट्रेक्सेट यांच्यावर आहे. शिवाय, पेशींचा पहारा सैल केला की दबलेला क्षय डोकं वर काढू शकतो. म्हणून इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी करतात, आणि आपल्या देशात ती टाळून चालत नाही. करोनानंतर इम्युनिटी वाढवणाऱ्या काढ्यांचं पेव फुटलं. सोरायसिसमध्ये तर आधीच अतिउत्साही असलेल्या पेशींना आवरायचं आहे!

बोटं किंवा टाचा सुजत असतील, सकाळी सांधे आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण हाच रोग सांध्यातही उतरतो. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्या एकाएकी बंद केल्या तर अंगभर पुवाचे फोड येऊ शकतात. आणि मेथोट्रेक्सेट सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर ते जिवावर बेतू शकतं, तेव्हा ठरलेला वार चिठ्ठीवर डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.