विश्लेषण : पॅकहाऊसच्या दारात चपला का बदलायच्या?

निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या सायखेडा परिसरात द्राक्ष हंगामात मजुरांची बाग ते पॅकहाऊस अशी सतत ये-जा असते. बागेतली माती, शेणखत, गोठ्यातली घाण चपलेच्या तळव्याला चिकटून आत येऊ शकते. द्राक्षे पॅकिंगपूर्वी धुतली जात नाहीत आणि ती कच्चीच खाल्ली जातात. त्यामुळे आत आलेला जंतू नष्ट करणारी पायरी पुढे उरत नाही.

धोका नेमका कोणता?
माती-शेणातून ई-कोलाय, साल्मोनेला, लिस्टेरिया हे जंतू येतात. यातला लिस्टेरिया शीतगृहाच्या थंडीतही वाढतो. गर्भवती, नवजात बाळे व वृद्धांना तो जिवावर बेततो. अमेरिकेत २०११ मध्ये कोलोरॅडोतील एका शेतावरच्या खरबुजांमुळे १४७ जण आजारी पडले, ३३ दगावले. तपासात पॅकिंग शेडमध्ये जमिनीवर पाणी साचलेले आढळले. टाकाऊ फळे गुरांकडे नेणारा ट्रक शेडलगत उभा राहत असे. संसर्ग आत येण्याची तीही एक शक्य वाट मानली गेली.

जमिनीवरचा जंतू फळापर्यंत कसा जातो?
जमिनीवर ठेवलेले क्रेट टेबलावर येते किंवा दुसऱ्या क्रेटवर रचले जाते. पाइपने फरशी धुताना शिंतोडे उडतात. चप्पल सारखी केलेला हात तसाच घडाला लागतो.

दारातला फूटबाथ पुरेसा आहे का?
नाही. चिखल क्लोरीनची ताकद खाऊन टाकतो. चिखलाचे पाय बुडवत राहिले, तर औषधी पाण्याचे डबके होते आणि तेच घाण पसरवते. म्हणून आधी ब्रशने तळवा धुवायचा, मगच पाय बुडवायचा. साधारण २०० पीपीएम क्लोरीनसाठी ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १० लिटर पाण्यात ४० मिली लागते. ताकद चाचणीपट्टीने तपासावी, पाणी गढूळ होताच बदलावे.

सोपा उपाय कोणता?
द्राक्ष पॅकिंगसारख्या कोरड्या जागी ओल जितकी कमी तितके बरे. तिथे बाहेरची चप्पल बाहेरच ठेवून आतली वेगळी, शक्यतो वेगळ्या रंगाची पादत्राणे घालणे अधिक भरवशाचे. ती स्वच्छतागृहात वा आवारात न्यायची नाहीत. हा नियम मजूर, मालक, ड्रायव्हर, व्यापारी सर्वांना सारखाच हवा.

कायदा काय सांगतो?
अन्न सुरक्षा व मानके (परवाना व नोंदणी) विनियम, २०११ च्या परिशिष्ट ४ नुसार अन्न हाताळणाऱ्यांना स्वच्छ कपडे, टोपी, हातमोजे यांबरोबर योग्य पादत्राणे पुरवणे ही व्यावसायिकाची जबाबदारी आहे. म्हणजे चपलांचा खर्च मजुराच्या खिशातून नव्हे.