पेडगावच्या उंबऱ्यावरची हिमनगरी

श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेतला. इथे आभाळातून बर्फ पडतो तो गारपिटीचा. लिंबाच्या बागा झोडपतो आणि तासाभरात विरून जातो. ‘बर्फ’ हा शब्दही फारसीतून आलेला. आपला घरचा शब्द ‘गार’, आणि गारगोटीच्या पांढऱ्या, चकाकत्या दगडालाही आपण गारच म्हणतो. हिमाची कल्पना या मुलखात कशी रुजली, याचा सर्वांत बोलका पुरावा मला हाच वाटतो. हिमप्रदेश न पाहिलेल्या लोकांनी बर्फ आणि दगड एकाच नावाने ओळखले. म्हणूनच कैलासावरची कुबेराची अलकानगरी या कोरड्या मुलखाला परकी वाटली नाही. ती इथल्या दगडात उतरली, आणि उतरताना तिची थंडी गळून पडली, असे माझे म्हणणे आहे.

थंडी गळायला सुरुवात काव्यातच झाली होती. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवर शिक्षा भोगतो, हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशींनी साधार मांडले. त्या यक्षाच्या डोळ्यांपुढची अलका कैलासाच्या कुशीत असूनही तिथे कोणी कुडकुडत नाही. स्फटिकाच्या गच्च्या, शिवाच्या माथ्यावरील चंद्राने उजळलेले वाडे आणि सहाही ऋतूंची फुले एकाच वेळी. कवीने हिमातली शुभ्रता तेवढी ठेवली. वेरूळच्या कैलास मंदिराच्या कारागिरांनीही तेच केले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ. स. ७५६ ते ७७३) याच्या काळात काळा कातळ शिखराकडून पायथ्याकडे कोरत नेला आणि त्यावर पांढरा गिलावा चढवला. त्याचे अवशेष अजून दिसतात. हा गिलावा केवळ रंगकामाचे अस्तर होता, असे कोणी म्हणेल. चित्रे होती, हे खरेच. पण मंदिराच्या दक्षिण अंगाला, खालच्या बाजूस, रावण कैलास हलवताना कोरला आहे. तो हलवतो आहे तो पर्वत म्हणजे वरचे मंदिरच. ज्याने ही योजना आखली, त्याच्या लेखी पांढरा रंग निव्वळ अस्तर असेल हे मला पटत नाही.

आणि अलकानगरीचे रहिवासी, यक्ष? ते तर इथे कालिदासाच्या कितीतरी आधीपासून आहेत. पितळखोऱ्याचा बुटका, हसरा यक्ष इसवी सनापूर्वीचा. तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे त्याच्यावरच कोरलेले आहे. कुबेराचा कैलासावरचा पत्ता महाभारताइतका जुना, तेव्हा यक्ष दख्खनमधून हिमालयात गेले असा दावा मी करत नाही. मात्र दख्खनने त्यांना बर्फावाचून नांदवले. श्रीगोंदा तालुक्यात भीमेकाठच्या पेडगावचा किल्ला आपण १६८९ साली कैदेत आणलेल्या संभाजीराजांमुळे ओळखतो, आणि ते रास्तच आहे. पण त्याच तटाच्या आत मोगलांच्या शतकानुशतके आधीची मंदिरे आहेत. त्यांपैकी लक्ष्मीनारायणाच्या मंदिराच्या भिंतींवर अलकेतल्या वाटाव्यात अशा सुरसुंदरी उभ्या आहेत. विष्णूच्या मंदिराचा कैलासाशी काय संबंध, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर यादवकालीन मंदिरांच्या उंबऱ्यावर वारंवार कोरलेल्या कीर्तिमुखात सापडते. पुराणकथेत शिवाच्या क्रोधातून जन्मलेला हा भुकेला जीव शिवाच्याच आज्ञेवरून स्वतःला खात सुटला. नुसते तोंड उरले, तेव्हा शिवाने त्याला आपल्या दारी बसवले. कैलासाचा हा राखणदार पुढे शिवाच्या दाराशीच राहिला नाही. विष्णूच्या, देवीच्या, अगदी जैन मंदिरांच्या उंबऱ्यावरही तो बसला, आणि त्याला ओलांडल्याशिवाय गाभाऱ्यात जाता येत नाही.