डिकीतला चुकीचा पाना

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते. मुरबाडहून भावजयीचा फोन आला, "आपा, अब्बांना दम लागलाय. हे रात्रपाळीला गेलेत. तुम्ही गाडी घेऊन या."

माझे मिस्टर नोकरीनिमित्त सौदीत असतात. शहापूरला घरी मी आणि दोन मुली. दारात जुनी मारुती ८००, ती मीच चालवते. किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाड तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे रात्री फार तर तासाभराचा प्रवास. बाहेर येऊन बघते तर मागचं चाक जमिनीला बसलेलं.

स्टेपनीत हवा होती. धाकटीने छत्री आणि टॉर्च धरला, मोठीने दगड आणून दुसऱ्या चाकांना लावले. तीन नट निघाले. चौथा हलेना. मी पान्याच्या दांडीवर उभी राहिले, पूर्ण वजन टाकलं. "खट्" असा आवाज आला आणि पाना गोल फिरला. मला वाटलं, सुटला एकदाचा. टॉर्च जवळ नेला तर नट जागच्या जागी, फक्त त्याचे सहा कोन झिजून गुळगुळीत झालेले.

शेवटी शेजारच्या रिक्षावाल्या भाईंना झोपेतून उठवलं. मुरबाडला पोहोचायला दीड तास उशीर झाला. अब्बांना दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि पहाटे त्यांचा श्वास सुरळीत झाला, अल्हम्दुलिल्लाह. पण दवाखान्याच्या बाकावर बसून मी एकच विचार करत होते. एका नटाने मला दीड तास अडवलं. तो दीड तास अब्बांकडे नसता तर?

चूक नटाची नव्हती

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या चाचांना बोलावलं. मुंबई-नाशिक हायवेवर ट्रकांच्या कामात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांनी नटाकडे न बघता आधी पाना हातात घेतला. "टीचर, हा पाना तुमच्या गाडीचा नाहीच."

खरंच नव्हता. मूळ पाना कधी हरवला कोण जाणे, कुणाचा तरी मागून आणलेला डिकीत पडून होता. नट १९ मिलिमीटरचा आणि पाना २१ चा. "पण तो बसत होता," मी म्हटलं. चाचा म्हणाले, "बसत होता, धरत नव्हता."

हे मी नंतर मुलींना वहीवर काढून दाखवलं. १९ चा नट म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर १९ मिलिमीटर. पण कोनापासून कोनापर्यंत मोजलं तर ते साधारण २२ भरतं. त्यामुळे २१ चा पाना बाजूंना टेकतच नाही, नुसत्या कोनांच्या टोकांवर अडकतो. सगळा जोर सहा बारीक टोकांवर येतो आणि ती वितळल्यासारखी सरकतात.

बाकीची कारणंही चाचांनी सांगितली. पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने नट गरजेपेक्षा जास्त आवळले जातात. आमच्याकडे तर ज्या पावसाने भातसा आणि तानसा भरतात, तोच पाऊस चार महिने गाडीच्या नटांवरही पडतो, त्यामुळे गंज ठरलेलाच. नटावरचा चिखल साफ न करता पाना लावला तर तो पूर्ण आत बसत नाही. बारा कोनांची गोटी घट्ट नटावर सहा कोनांच्या गोटीपेक्षा लवकर सरकते. स्क्रू पाना तर अशा कामाला लावूच नये.

नरम उपाय आधी, कडक नंतर

चाचांनी तो नट कसा काढला, ते मी डोळे उघडे ठेवून पाहिलं. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ केले. मग गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि चक्क चहा मागितला. मी घाई केली तेव्हा म्हणाले, "तेल आट्यांत शिरायला वेळ लागतो." वीस मिनिटांनी पुन्हा स्प्रे, आणि नटावर हातोडीचे हलके, सरळ ठोके. ठोक्यांच्या कंपनाने गंजाची पकड तुटते आणि तेल आत उतरतं. मग सहा कोनांची १८ ची एक जुनी गोटी त्यांनी झिजलेल्या नटावर ठोकून बसवली. लांब दांडी लावून आधी केसभर आवळायच्या दिशेला आणि मग उलटी फिरवली. नट करकरत सुटला.

त्यानंतर चाचांकडून एकेक करून जे शिकले, ते क्रमाने असं:

कोन थोडेच झिजले असतील तर अचूक मापाची सहा कोनांची गोटी पुरते. जास्त झिजले असतील तर एक माप लहान गोटी ठोकून बसवावी. बोल्टचं डोकं उघडं असेल तर ग्रिप प्लायर घट्ट लावावा. किंवा डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने सपाट करून लहान मापाचा पाना लावावा. दहाच्या बोल्टला दोन्हीकडून अर्धा-अर्धा मिलिमीटर घासलं की नऊचा पाना बसतो. चौफुलीचा स्क्रू गुळगुळीत झाला असेल तर हॅक्सॉने त्यात आडवी खाच पाडून चपटा पेचकस लावता येतो.

यानेही भागलं नाही तर वेल्डिंगवाला झिजलेल्या डोक्यावर नवा नट जोडून देतो. त्या उष्णतेनेच बहुतेक वेळा गंज सुटतो. डोकंच तुटलं तर मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लावतात. हे काम मात्र घरी करू नये. एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला ओरखडाही पाडत नाही. मग शंभर-दोनशेचं काम हजारांत जातं.

माझा पहिला बोल्ट

दिवाळीच्या सुट्टीत गाडी सुरू होईना. बॅटरीच्या टोकावर पांढरट-हिरवा थर जमला होता आणि तिथला दहाचा बोल्ट आधीच कुणीतरी झिजवून ठेवलेला. चाचा गावी गेले होते. मी आणि मोठी मुलगी कामाला लागलो.

आधी ऋण टोकाकडची वायर काढली. तो बोल्ट चांगला होता. ऋण आधी काढायचं, कारण धन टोकाला लागलेला पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. मग कोमट पाण्यात खायचा सोडा घालून थरावर थोडं थोडं ओतलं. आम्ल असल्याने ते फसफसलं आणि बोल्ट स्वच्छ दिसायला लागला. फडक्याने कोरडं केलं, हातमोजे घातले, ग्रिप प्लायर लावला. पहिल्यांदा सरकला. माझा हात पुन्हा जोर करायला निघाला होता. ऑगस्टची रात्र आठवली. थांबले, पकड पुन्हा घट्ट बसवली, हळू फिरवलं. सुटला. मुलीने लगेच अब्बूंना व्हिडिओ कॉल करून तो बोल्ट दाखवला.

कुठे थांबायचं

ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे बोल्ट अडले तर घरी प्रयोग करू नयेत. स्पार्क प्लग अडला तरी तेच, कारण तो ॲल्युमिनियममध्ये बसलेला असतो आणि आटे गेले की खर्च मोठा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करावेत. पेट्रोलची नळी किंवा टाकीजवळ ज्योत नको. स्प्रेही पेट घेतो आणि ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेक लागत नाही. हातोडी-छन्नीचं काम असेल तर डोळ्यांना चष्मा हवाच.

झिजलेला नट पुन्हा लावू नये, त्याच मापाचा आणि त्याच आट्यांचा नवा घ्यावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, ती त्याची ताकद. नवा बोल्ट त्याहून कमी ताकदीचा नको. पहिले दोन-तीन फेरे हातानेच द्यावेत. अडलं तर आटे तिरके बसलेत, मागे घ्यावं.

आणि किती आवळायचं? दहावीतल्या मोठीला हे गणित मी घातलं. जोर म्हणजे बल गुणिले अंतर. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या चाकाच्या नटाला ८ ते ११ किलोग्रॅम-मीटर लागतात, नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ३० सेंटिमीटरच्या दांडीवर ३० किलोचा दाब दिला की ९ होतात. "आणि अम्मी, तू साठ किलोची त्यावर उभी राहिली होतीस. म्हणजे अठरा!" तिने लगेच हिशेब मांडला. नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळावेत आणि ५०-१०० किलोमीटर चालवल्यावर एकदा तपासावेत.

आता मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, आम्ही चारही चाकांचे नट एकेक करून सैल करतो, आटे ब्रशने साफ करतो आणि पुन्हा मोजून आवळतो. चाकाच्या नटांना तेल-ग्रीस लावत नाही, नाहीतर ते गरजेपेक्षा जास्त आवळले जातात. पंक्चर काढून आणलं की घरी आल्यावर नट हाताच्या पान्याने सुटतात की नाही, हे धाकटी बघते. डिकीत १९ ची सहा कोनी गोटी, लांब दांडी, स्प्रे, टॉर्च आणि हातमोजे.

तुमच्या घरातही कुणी बाहेरगावी नोकरीला असेल आणि गाडी दारात उभी असेल, तर येत्या रविवारी एवढंच करा. डिकी उघडा आणि पाना नटाला लावून बघा. तो नुसता बसतोय की धरतोय, हे दिवसाउजेडी कळलेलं बरं.