मूलपेशींची गोष्ट, लेखांक ७ : थाळीपुढचे दिवस

मागच्या आठवड्यात आपण उंदराच्या साडेतीन दिवसांच्या गर्भापाशी थांबलो होतो. १९८१ साली केंब्रिजमध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत गेल मार्टिन यांनी, अशाच गर्भातून मूलपेशी काढून थाळीत वाढवल्या. त्या पेशींतलं एखादं जनुक ठरवून बदलायचं आणि त्यांच्यापासून उंदीर जन्माला आणायचा, ही पुढची पायरी. इव्हान्स, मारिओ कपेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना त्यासाठी २००७ चं नोबेल मिळालं.

हुबळी-धारवाडात जीवशास्त्राचं एम.एस्सी. करणारी मुलं ‘नॉकआउट उंदीर, म्हणजे एखादं जनुक बंद पाडलेला उंदीर, कसा तयार करतात’ याचं उत्तर परीक्षेत बिनचूक लिहितील. पण हे काम हाताला यावं लागतं, आणि शिकताना सर्वांत जास्त वेळ जातो तो पेशी नीट सांभाळण्यात.

मूलपेशींना रोज ताजं माध्यम लागतं, रविवारीसुद्धा. दर दोन दिवसांनी त्या विरळ कराव्या लागतात. खाली विभाजन थांबवलेल्या आधारपेशींचा थर असतो, माध्यमात ‘लिफ’ नावाचं प्रथिन असतं. सूक्ष्मदर्शकाखाली चांगली वसाहत फुगीर दिसते, तिची कड चकाकते आणि आतली एकेक पेशी सुटी ओळखू येत नाही. कड पसरली, पेशी वेगवेगळ्या दिसू लागल्या, की समजायचं, त्या मूलपेशी राहिनाशा झाल्या. अशा पेशीत जनुक नेमक्या जागी बसलं तरी ते पुढच्या पिढीत उतरण्याची आशा धरू नये. ही नजर थाळ्या बघून बघूनच तयार होते.

मग सुमारे एक कोटी पेशी आणि डीएनए एका छोट्या कुपीत घालून विजेचा क्षणभराचा झटका देतात. बऱ्याच पेशी मरतात. उरलेल्यांतल्या थोड्याच डीएनए आत घेतात, आणि तो योग्य जागी बसतो तो त्याहून कमी पेशींत. निवड करण्यासाठी डीएनएसोबत निओमायसिन-रोधक जनुक जोडलेलं असतं. जी-४१८ हे औषध घातलं की ते जनुक नसलेल्या पेशी मरतात. इथे नवशिके हमखास फसतात. आधारपेशीही जी-४१८ ला दाद न देणाऱ्या उंदरापासून घेतलेल्या हव्यात. नाहीतर मूलपेशींखालचा थरच मरून जातो.

आठ-दहा दिवसांनी वसाहती उचलायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली पिपेटच्या टोकानं वसाहत हलकेच कडेनं सोडवायची, अलगद ओढून घ्यायची आणि ९६ खळग्यांच्या थाळीतल्या एका खळग्यात सोडायची. उशीर झाला तर वसाहत मधूनच बिघडू लागते; घाई केली तर पेशी पुरत नाहीत. पुढे अर्ध्या पेशी गोठवायच्या, उरलेल्यांचा डीएनए तपासायचा. गुणसूत्रं चाळीसच आहेत ना, हेही मोजून घ्यायचं. म्हणूनच दोन-तीन दिवसांची कार्यशाळा मला अपुरी वाटते. आपण झटका दिलेल्या पेशींची वसाहत आपणच उचलली, तरच हात कुठे चुकला ते कळतं.

आता जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याचं क्रिस्पर हे तंत्र आलं. २०१३ पासून फलित अंड्यातच जनुक बदलून उंदीर तयार होतात. पण डीएनएचा मोठा तुकडा बदलायचा असेल, तर मूलपेशी अजूनही उपयोगी पडतात. बदल थाळीतच तपासून घेता येतो, म्हणून उंदीर कमी लागतात, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शिकायला दूर जायची गरज नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गावर धारवाड जवळपास मधोमध आहे. पुण्यात लीला मुल्हेरकर एडिंबरात गर्भशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे शिकून आल्या आणि त्यांनी विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावर प्रयोग करायला विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकवल्या. बेंगळुरूत जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांनी उंदराच्या मूलपेशींवर काम केलं आणि टाकून दिलेल्या मानवी भ्रूणांपासून मूलपेशींच्या दोन शाखाही तयार केल्या.

सुरुवात तर धारवाडातच करता येईल. ई-१४ सारखी पेशीशाखा आधारपेशींविना, जिलेटिन लावलेल्या थाळीत वाढते. त्यासाठी उंदीरघर लागत नाही. निर्जंतुक कक्ष, ३७ अंशांचं आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं इन्क्युबेटर, लिफ आणि रोज येणारा माणूस असला की पुरे. जनुक बदलायला घेण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी मात्र हवी.

पुढच्या लेखांकात या पेशी दुसऱ्या गर्भात सोडू आणि काळ्या पिल्लावर तपकिरी पट्टे कसे उमटतात ते पाहू.